हळकुंडाच्या अंगावरचे ठिपके

१

मिशीवाला मेला होता, आणि उताणा पडला होता.

प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत ही बातमी फाटकापासून मागच्या नळापर्यंत पोचली. मिशीवाला म्हणजे कुणी मास्तर नव्हेत. मास्तरांत मिशा फक्त मुख्याध्यापक उत्तरेश्वर सरांना, आणि ते चांगले ठणठणीत होते; ऑफिसच्या दारातून त्यांचा आवाज थेट एसटी स्टँडपर्यंत जात होता. मिशीवाला म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, अंगापेक्षा मिशाच लांब असलेली कोळंबी. ती शाळेच्या समुद्रात राहायची.

होय, समुद्रच! शाळेचा एक माजी विद्यार्थी जहाजावर इंजिनिअर झाला आणि त्यानं शिरूर कासारला समुद्र पाठवला. काचेच्या टाकीत मावेल एवढाच, पण खराखुरा खारट. आत खडक, काचेवर चिकटलेल्या गोगलगायी आणि एक पिवळाधमक चपटा मासा. टँकर आला की निम्मी शाळा हंडे धरायला पळते अशा गावात समुद्र! नववी ब मधल्या सहरनं त्या माशाचं नाव हळकुंड ठेवलं होतं. नाव सुचवायची स्पर्धा झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच सहर कशात तरी पहिली आली होती. तेव्हापासून तिची मान जरा जास्तच ताठ झाली होती. वर्गात ती आता उत्तर येत नसलं तरी हात वर करायची.

आज तेच हळकुंड कोपऱ्यात कलंडून पडलं होतं. कल्ले भराभर हलत होते, रंग उतरून धुतलेल्या हळदीच्या डागासारखा झाला होता. काचेवर एकही गोगलगाय उरली नव्हती. आणि टाकीच्या स्टँडमागून सरांनी फिनाईलची अर्धी बाटली बाहेर काढली.

सगळी शाळा रांगेत उभी असताना सर माइकवर बोलले.

"एवढ्या लांबून आलेली देणगी! आणि एका बाईच्या निष्काळजीपणानं तिचं वाटोळं झालं. चंद्रभागाबाई, फिनाईल तुमच्याशिवाय कोण वापरतं इथं? बोला की आता!"

चंद्रभागा मावशी शाळेची झाडलोट करायची. ती खराटा धरून पायरीखाली उभी होती. "सर, मी निस्तं फरशीलाच..." एवढंच तिला म्हणता आलं.

"उद्यापासनं येऊ नका."

सहरच्या पुढं रांगेत राजनंदिनी उभी होती. मावशीची लेक आणि सहरची बाकावरची मैत्रीण. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिला काय वाटत असेल ते सहरला न बघताच कळलं. राजनंदिनीचे वडील ऊस तोडायला जातात. तोडीवर जोडीनं काम चालतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मावशीला शाळेची नोकरी होती म्हणून तिचे वडील चुलत्याबरोबर जोडी लावायचे. नोकरी गेली की मावशी कोयत्यावर जाणार, आणि मावशी गेली की राजनंदिनी पालावर, भाकरी थापायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला. टोळी दिवाळीनंतर निघणार होती. दसरा होऊन गेला होता.

सहर तिच्या कानाशी वाकली. "मी शोधून काढते."

"काय?"

"हे कुणी केलं ते. शप्पथ!"

"तुला काय येतं गं त्यातलं?"

काही म्हणजे काही येत नव्हतं. पण हात वर करायची सवय लागली होती ना.

२

संध्याकाळी सहर मावशीच्या उंबऱ्यात जाऊन बसली.

"मावशी, सगळ्यात आधी काय झालं होतं? मिशीवाला मरायच्या आधी?"

"कावून इचारतीस पोरी? झालं ते झालं."

"सांगा ना."

मावशीनं कुडाला पाठ टेकली. "आधी गोगलगायी गळाल्या. काचंवरनं एकेक, टपकन खाली. मंग मिशीवाला जागचा हलंना. पिवळा मातर तवा चांगला हुता बग. उलट लई झ्याक दिसाया लागला हुता. त्याच्या अंगावर ते रव्यावानी पांढरे ठिपके आलते न्हाई का, ते समदे गेलते. मी इज्ञानाच्या मॅडमला म्हनलं, गोगलगायी मराया लागल्यात. त्या म्हनल्या, म्हाताऱ्या झाल्या असतील."

"सगळ्या एकदम म्हाताऱ्या झाल्या?" राजनंदिनी चुलीपुढून फणकारली.

सहर घरी जाईपर्यंत विचार करत होती. घरी गेल्यावर तिनं काय केलं, तर मोरीतल्या बादलीत फिनाईलचा थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. शाळेच्या टाकीचं पाणी तर आरशासारखं होतं! आणि फिनाईल काही कुणाचे नंबर लावत नाही, की आधी गोगलगायी, मग कोळंबी, मग सावकाश मासा. फिनाईल पडलं असतं तर सगळी एकाच दिवशी आटोपली असती.

म्हणजे मावशी सुटली! निदान सहरच्या मनात तरी. सरांच्या मनात तिला सोडवायचं तर खरं कारण हातात पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लखनला मधल्या सुट्टीत गाठलं. टाकीत नको ते टाकण्यात शाळेत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ए लखन, शेव टाकलीतीस ना तू?"

"एकदाच टाकलीती! थुकून दिली त्यानं. तिखट हुती. भावनगरी असती तर खाल्ली असती."

"आणि दुसरं काही?"

"तू काय पोलीस हाईस का?" लखन म्हणाला; पण मग बूट घासत पुढं म्हणाला, "न्हाई गं. मला पन आवडतो तो पिवळा. खरं."

विज्ञानाच्या मंजुषा मॅडमनी पाण्याची तपासणी केलेली होती. पाण्यात काही सडलं की कळतं, त्याची कुपी त्यांच्याकडं होती. तिचा रंग बदलला नव्हता. शेव निर्दोष!

"मॅडम, हळकुंडाच्या अंगावर ठिपके होते ते कशाचे?"

"रोगाचे. माशांना होतो तो, खाऱ्या पाण्यातल्यांना तर फारच. मी औषध मागवणार होते, पण दुकानदार म्हणाला, मासा बरा होईल, मात्र कोळंबी आणि गोगलगायी मरतील. म्हणून राहू दिलं."

"मग ठिपके गेले कसे?"

"गेले आपोआप. जातात कधी कधी."

"जातात, की जाऊन परत येतात?"

मॅडम थांबल्या. "परत येतात. खरं तर परत यायला हवे होते."

सहरचा हात आपोआप वर गेला, वर्ग नसतानासुद्धा. औषध कुणी दिलं नव्हतं. तरी मासा बरा झाला होता, आणि नेमकं दुकानदार म्हणाला तेच मेलं होतं.

"मॅडम, त्या औषधात असतं काय?"

"तांबं," मॅडम म्हणाल्या.

३

तांबं म्हटल्यावर पहिली धाव प्रयोगशाळेत. तिथं मोरचुदाची बरणी होती, तांब्याचंच ते निळं मीठ. पण बरणीचं सील शाबूत होतं आणि झाकणावर एवढी धूळ होती की सहरनं बोटानं त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. मग संशय परत लखनवर आला. त्याच्या वडिलांची डाळिंबाची बाग, आणि बागेला फवारायला मोरचूद लागतंच. पोरानं चिमूटभर आणून टाकलं असलं तर?

पण इथंच गंमत झाली. मावशीला काढलं त्याच दिवशी सरांनी टाकीचं निम्म्याहून जास्त पाणी बदलून घेतलं होतं आणि टाकीच्या हॉलला स्वतःचं कुलूप लावलं होतं. किल्ली सरांच्या खिशात. मॅडम आत जायच्या त्या सरांसमोर, खाणं टाकून लगेच बाहेर. सहरनं मॅडमच्या मागं लागून पाण्याच्या दोन बाटल्या मिळवल्या. एक मॅडमनी पाणी बदललं त्या दिवशी तपासणीसाठी भरून ठेवलेली, दुसरी नंतर बऱ्याच दिवसांनी भरलेली. दोन्ही एसटीच्या ड्रायव्हरकाकांकडून बीडला धाडल्या, फैजानभाईकडं. फैजानभाईचं शोभेच्या माशांचं दुकान होतं आणि तो सहरच्या मामांचा दोस्त होता.

त्या रात्री जेवताना तिनं सगळं घडाघडा सांगितलं. अम्मी हसली. अब्बांनी ताटातून मान वर केली नाही.

"तू त्यात पडू नको," ते म्हणाले. "अभ्यास कर."

"अब्बा, पण राजनंदिनी—"

"पडू नको म्हणालो ना."

सहरला राग आला. अब्बा नेहमी तिच्या बाजूचे असायचे. नाव सुचवायच्या स्पर्धेत तिचा नंबर आला तेव्हा सगळ्या गल्लीला त्यांनीच पेढे वाटले होते.

बाटल्यांचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर होती.

"पहिलीत नावाला तांबं हाय," फैजानभाई म्हणाला. "दुसरीत लई हाय. ए पोरी, तो मासा जित्ता हाय का अजून?"

"आहे. पण खात नाही. म्हणजे कुलूप लावल्यावर तांबं वाढलं?"

"मग काय, कुणीतरी घालतंय."

"कुणी आत जातच नाही, फैजानभाई!"

बंद खोली, सरांच्या खिशात किल्ली, मावशी घरी, लखन बाहेर. तरी विष वाढत होतं. सहर गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागली आणि तिनं डोळे मिटून टाकी आठवली. कुणी आत येत नसेल तर जे घालतंय ते आतच बसलेलं आहे. माणूस नाही, वस्तू. पाणी फिरतं कुठून? पंप प्लास्टिकचा. पाइप प्लास्टिकचे. गाळणी प्लास्टिकची. आणि मग ते जातं त्या पेटीत, जी पाणी गार करते, नाहीतर आपल्या इथल्या उन्हात समुद्राचं सार होईल.

"फैजानभाई, चिलरच्या आत पाणी कशावरून जातं?"

"टायटॅनियमच्या नळीवरनं. दुसरं काही चालत न्हाई. तांबं घातलं तर खारं पाणी त्याला चाटत बसतं आणि माशाला पाजतं."

दसऱ्याच्या आधी चिलर बंद पडला होता. तो उघडणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याच स्कूटरवर मागं बसून ती रोज शाळेत जात होती.

४

नबी मिस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि बाहेर रांगेत उभे केलेले गावाचे फ्रिज. सहरला काही फार शोधावं लागलं नाही. भंगाराच्या डब्यात, पिवळ्या-लाल नळ्यांच्या गुंताड्यात एकच करड्या रंगाची वेटोळलेली नळी होती, मध्ये फुटलेली.

"अब्बा, ही शाळेच्या चिलरची ना?"

अब्बा एका फ्रिजमागं वाकले होते. ते तसेच राहिले.

"सर म्हणाले, लगेच करा, मासे उकडून मरतील. ही नळी इकडं मिळत न्हाई. मुंबईहून मागवायला आठवडा लागतो. मी सरांना तसं बोललो पण. ते म्हणाले, मिस्त्री, तुमची कला दाखवा. मग तांब्याची वळवून घातली. जन्मभर तांबंच घालतोय, बेटा. फ्रिजला तांबं, एसीला तांबं. पाणी किती गार झालं, तूच सांगितलंस की घरी येऊन."

"हो," सहर म्हणाली. तिला एकदम मोकळं वाटलं. "मग तुमची चूक नाहीच अब्बा. तुम्हाला काय माहीत!"

अब्बांनी पाना खाली ठेवला. तो नीट, आवाज न करता ठेवला, आणि त्यातच सहरला काहीतरी टोचलं.

"माहीत नव्हतं ना?"

"गोगलगायी मेल्याचं तू सांगितलंस, तेव्हा मुंबईच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं सांगितलं."

"म्हणजे सर माइकवर मावशीला बोलले तेव्हा..."

"माहीत होतं."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"मी नळी मागवलीय," अब्बा म्हणाले. "दोन दिवसात येईल. सर्व्हिसिंगचं नाव करून बदलून टाकतो. मासा वाचेल."

"आणि मावशी?"

"तिला सर परत बोलवतील. सणासुदीला राग उतरतो माणसाचा."

"नाही उतरला तर? राजनंदिनी पालावर जाईल, अब्बा!"

"आणि माझं?" ते पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलले. "मिस्त्रीचं नाव गेलं की दारात कोण फ्रिज ठेवतं? आणि दुसरा मिस्त्री असता तर म्हणले असते, चुकलं बिचाऱ्याचं. नबीनं शाळेचे मासे मारले, हे गावात कसं फिरेल? सांग की. तू आता लई हुशार झालीस."

सहरला ते माहीत होतं. न सांगता माहीत असणाऱ्या गोष्टींतली ती एक होती.

ती तरी सांगणार होती. तिनं ठरवूनच टाकलं आणि रात्रभर उशी ओली केली.

५

ऑफिसात उत्तरेश्वर सर, मंजुषा मॅडम, आणि दाराशी चंद्रभागा मावशी आणि राजनंदिनी. सहरनं हा प्रसंग मनात शंभरदा रंगवला होता. मध्ये ती, भोवती सगळे, आणि एकेक संशयित सुटत जातो. तसंच झालं.

फिनाईलनं पाणी दुधाळ होतं, झालं नव्हतं. शेवेनं पाणी सडतं, सडलं नव्हतं. ठिपके औषधाशिवाय गेले आणि परत आले नाहीत. मेलं ते तेच, जे तांब्यानं मरतं. कुलूप लावल्यावरही तांबं वाढलं. मावशी तेव्हा घरी होती.

"चिलरमधली नळी तांब्याची आहे," ती म्हणाली. "खरी नळी मुंबईला मिळते, यायला आठवडा लागतो. म्हणून तांब्याची घातली."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. सर खुर्चीत हलले. नळी कुणी घातली ते त्यांना ठाऊक होतं, आणि घाई कुणी केली तेही.

"ठीक आहे, ठीक आहे," ते घाईनं म्हणाले. "कुणी घातली ते महत्त्वाचं नाही. तांत्रिक बाब आहे. चंद्रभागाबाई, या तुम्ही उद्यापासनं."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात राजनंदिनीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "सहर, तुझ्या अब्बांना माहीत होतं का? सर आईला बोलले तवा?"

सगळी उत्तरं तिच्याकडं होती. हेही होतं.

"नाही," सहर म्हणाली. "त्यांना नव्हतं माहीत."

६

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सर माइकवर म्हणाले, तांत्रिक बिघाडामुळं मत्स्यटाकीचं नुकसान झालं असून विद्यार्थ्यांनी टाकीजवळ गर्दी करू नये. पुढं स्वच्छता मोहिमेची सूचना होती. मावशीचं नाव घेतलं नाही. नबी मिस्त्रींचंही नाही, आणि ते न घेतल्याबद्दल सहरच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की तिचं तिलाच किळसवाणं वाटलं. तिनं वर बघितलं तर राजनंदिनी तिच्याकडंच बघत होती.

मधल्या सुट्टीत हॉलचं कुलूप उघडलं होतं. अब्बा चिलर उघडून जमिनीवर बसले होते. मावशी त्यांच्या भोवतीनं फरशी पुसत होती. ओल्या फडक्याचा पट्टा त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला, तेव्हा ती म्हणाली, "पाय जरा." अब्बांनी पाय उचलले. मावशीनं तिथलं पुसलं आणि पुढं गेली.

राजनंदिनी दारात येऊन उभी राहिली. अब्बांनी पेटीतून करड्या रंगाची नवीकोरी नळी बाहेर काढली आणि उजेडात धरून पाहिली.

"ती मुंबईची का?" तिनं सहरला विचारलं.

"हो."

"यायला आठवडा लागतो म्हनलीस."

"हो."

"तू काल सांगितलंस. आणि आज आली."

सहरनं तोंड उघडलं. शाळेतल्या कुठल्याही प्रश्नाला तिचा हात वर जात होता. पण तो आता जागचा हलेना.

"न्हाई सांगत मी कुणाला," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "आईला कळलं तर ती उद्यापासनं यायची न्हाई इथं. आणि मला तर शिकायचंय." मग म्हणाली, "माझं दप्तर मी मंदाच्या बाकावर ठेवलंय."

ती गेली. टाकीत हळकुंड कोपरा सोडून थोडं पुढं आलं होतं आणि खडकावरचं शेवाळ टोचून बघत होतं. लहान वर्गातली पोरं काचेला नाक लावून ओरडत होती, जगलं, जगलं!

"सहर," अब्बांनी आतून हाक मारली. "ये बेटा. टॉर्च धर, आतलं दिसत न्हाई."

ती गेली. त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि टॉर्च लावला.

"हात हलवू नको," अब्बा म्हणाले.

तिनं हलवला नाही.